खोड-पान आलेख आणि आयतालेख: दोन डझन हापूसची वजनं मांडून बघू

‘आयतालेख आडवा पाडला की झाला खोड-पान आलेख’, असं शिकवणीत सर्रास सांगतात. आकारापुरतं ते खोटं नाही. दोन्हींत आकड्यांचे गट पाडायचे. जिथे गर्दी जास्त, तिथे खोड-पान आलेखात ओळ लांब होते आणि आयतालेखात (हिस्टोग्राममध्ये) स्तंभ उंच. पण खोड-पान आलेखात मूळ आकडा जसाच्या तसा शिल्लक राहतो, आयतालेखात तो गटात विरून जातो. त्या बदल्यात आयतालेख गट हवे तसे पाडायची मोकळीक देतो. या दोघांमधले बाकीचे बहुतेक फरक ह्याच देवघेवीतून निघतात, त्यामुळे ती नीट कळली की कोणता कधी काढायचा हे पाठ करावं लागत नाही.

उदाहरण कोकणातलंच घेऊ. देवगडकडच्या एखाद्या कलमबागेतून उतरवलेल्या हापूसची दोन डझन फळं डिजिटल काट्यावर एकेक करून ठेवली आणि ग्रॅममधली वजनं आली त्या क्रमाने वहीत उतरवली, असं धरा. (आकडे मी समजावण्यापुरते रचले आहेत.)

२२३, २६५, १९८, २१५, २३०, २६८, २०७, २२६, २५४, २१२, २२१, ३१४, २३७, २६२, २१९, १९६, २२८, २७१, २०४, २२३, २५१, २१८, २६३, २३२

ह्या रांगेकडे कितीही वेळ बघत बसलात तरी फारसं काही हाती लागत नाही. आता प्रत्येक आकड्याचा शेवटचा अंक तोडा. तो झाला पान, आणि उरलेला भाग खोड. खोडं वरून खाली चढत्या क्रमाने लिहा, पानं ज्याच्या त्याच्या खोडासमोर, तीही चढत्या क्रमाने:

१९ | ६ ८
२० | ४ ७
२१ | २ ५ ८ ९
२२ | १ ३ ३ ६ ८
२३ | ० २ ७
२४ |
२५ | १ ४
२६ | २ ३ ५ ८
२७ | १
२८ |
२९ |
३० |
३१ | ४

सूची: २२ | ६ म्हणजे २२६ ग्रॅम

लिहिताना तीन गोष्टींत लोक हमखास गडबडतात. २४, २८, २९ आणि ३० ह्या खोडांना एकही पान नाही, तरी ती लिहायचीच. गाळली तर ३१४ ग्रॅमचं फळ २७१च्या खांद्याला खांदा लावून बसल्यासारखं दिसेल. २२३ दोनदा आलंय, म्हणून ३ हा अंक दोनदा लिहायचा. आणि पानांमधलं अंतर सारखं ठेवायचं, कारण इथे ओळीची लांबी हीच वारंवारता, म्हणजे त्या गटात किती आकडे आहेत ते. हाताने लिहिताना १ अरुंद येतो, ८ ऐसपैस पसरतो आणि सारखी पानं असलेल्या दोन ओळी लहानमोठ्या दिसतात. चौकटींच्या वहीत लिहिलं की हा प्रश्न मिटतो. सूचीही विसरू नका. ती नसेल तर २२ | ६ हे २२६ ग्रॅम आहेत की २२.६ किलो, हे वाचणाऱ्याने कसं ठरवायचं?

आता वाचून बघा. सर्वांत हलकं फळ १९६ ग्रॅमचं, सर्वांत जड ३१४चं, म्हणजे पसारा ११८ ग्रॅमचा. फळं २४, म्हणून मध्यक बाराव्या आणि तेराव्या फळाच्या मधोमध. वरून पानं मोजत या: २, ४, ८, आणि पुढच्या ओळीअखेर १३. बारावं २२६, तेरावं २२८, मध्यक २२७. आकडे आपसूकच क्रमाने लागलेत, त्यामुळे वेगळी उतरंड करायला नको. बहुलक २२३, पण चोवीसात एक आकडा दोनदा आला ह्याला मी फार किंमत देणार नाही.

त्याहून बोलकी आहे ती २४ची रिकामी ओळ. तिच्या वर एक घोळका, २१०-२३०च्या घरात. खाली दुसरा, २६०च्या आसपास. एकाच कलमाची, एकाच तोडणीची फळं सहसा अशी दुभंगत नाहीत. दोन कलमांची फळं एकत्र आली असतील, किंवा दोन तोडणींची. आलेख कारण सांगत नाही, कुठे चौकशी करायची ते दाखवतो. सरासरी काढलीत तर ती येते जवळपास २३५. ती दोन्ही घोळक्यांच्या मधे पडते, आणि एवढ्या फळांत नेमकं २३५ ग्रॅमचं एकही नाही.

ह्याच आकड्यांचा आयतालेख काढू. वर्गांतर, म्हणजे एका गटाची रुंदी, २५ घेतलं तर १७५–२०० मध्ये २ फळं, २००–२२५ मध्ये ९, २२५–२५० मध्ये ५, २५०–२७५ मध्ये ७, २७५–३०० मध्ये शून्य आणि ३००–३२५ मध्ये १. नऊ, पाच, सात: मधली खोबण दिसते. वर्गांतर ५० करून बघा: २, १४, ७, १. खोबण गेली! आता एकच उंच स्तंभ आणि उजवीकडे उतरता उतार. आकडे तेच, फळं तीच, फक्त वर्ग रुंद केला आणि गोष्ट बदलली. म्हणून कुणी आयतालेख पुढे केला की मी आधी वर्गांतर विचारतो.

वर्ग पाडताना हातातून काय जातं तेही ह्यातच दिसतं. नुसत्या आयतालेखावरून सरासरी काढायची तर प्रत्येक फळ वर्गाच्या मध्यावर आहे असं गृहीत धरावं लागतं. वर्गांतर २५ असताना ती २३४.४ येते, म्हणजे खऱ्या उत्तराच्या अगदी जवळ. ५० असताना २३९.६ येते, जवळजवळ पाच ग्रॅमची चूक. खोड-पान आलेखात अंदाजाचा प्रश्नच नाही, मूळ यादी त्यातून परत लिहून काढता येते. हरवतो तो फक्त वजन करतानाचा क्रम.

बागायतदाराच्या दृष्टीने मला ह्यातला सर्वांत उपयोगी भाग हा वाटतो. पेटी चार डझनी की पाच डझनी, ह्यावर फळाचा आकार ठरवायची आपली जुनी रीत. हल्ली घरपोच आंबा मागवणारे ग्रॅममध्ये बोलतात. समजा एक गिऱ्हाईक म्हणालं, २५० ग्रॅमच्या वरचंच फळ हवं. खोड-पान आलेखात २५च्या ओळीपासून खालची पानं मोजा: आठ फळं. पंचवीसच्या वर्गांतराचा आयतालेखही हे सांगेल, कारण २५० ही नेमकी वर्गाची सीमा आहे. दुसऱ्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक २२०च्या वरचं चालेल म्हणालं की आयतालेख गप्प होतो. त्याची सीमा २२५ला, २२० आहे कुठेतरी स्तंभाच्या पोटात. पानं मात्र लगेच सांगतात, सोळा. जिथे सीमारेषा पुढे बदलण्याची शक्यता आहे, तिथे आयतालेख काढून मूळ आकडे फेकून देणं म्हणजे पायावर धोंडा मारून घेणं.

आणखी एक गोष्ट आयतालेखात सहसा दिसणार नाही. डिजिटल काट्याऐवजी तबकडीचा काटा वापरला आणि वाचणारा माणूस घाईत असला, तर पानं अशी येतात:

२१ | ० ० ५ ५
२२ | ० ५ ५ ५
२३ | ० ० ५

सगळी पानं शून्य आणि पाच. सगळीच्या सगळी फळं नेमकी पाचाच्या पटीत वजन घेऊन झाडाला लागत नाहीत. वाचणाऱ्याने जवळचा सोपा आकडा धरला, इतकंच. खोड-पान आलेख आकड्यांसोबत मोजणाऱ्याची सवयही उघडी पाडतो. शाळेतल्या पर्जन्यमापकाच्या नोंदी, होड्यांवरची मासळीची वजनं, दवाखान्यातले रक्तदाबाचे आकडे, कुठेही ही शेपटं तपासून बघा.

एवढं सगळं असून आयतालेखच जास्त का चालतो? कारण पानांचा आलेख दहाच्या पटीला बांधलेला आहे. एका खोडात दहा एककं. फार तर खोड दोनदा लिहून ०–४ आणि ५–९ अशी पानं विभागा, किंवा पाच वेळा लिहून दोन-दोन अंकांची. म्हणजे गटाची रुंदी १०, ५ किंवा २, नाहीतर त्यांच्या दहापटी. आमच्या फळांसाठी २५चा गट हवा असेल तर तो ह्यात बसतच नाही. शिवाय आकडे शे-दीडशेच्या पलीकडे गेले की ओळी कागदाबाहेर पळतात. हजार फळांचा खोड-पान आलेख कुणी वाचत नाही. हजार फळांचा आयतालेख एका नजरेत वाचता येतो.

दोघांच्या जन्मकथाही त्यांच्या स्वभावाला साजेशा आहेत. ‘हिस्टोग्राम’ हा शब्द कार्ल पिअर्सनने १८९०च्या दशकात रूढ केला. खोड-पान आलेखाला १९७०च्या दशकात लोकप्रिय केलं ते अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी. हातात पेन्सिल घेऊन आकड्यांशी खेळा, हा त्यांचा आग्रह. आज ‘आर’ ह्या संगणकभाषेत ‘स्टेम’ एवढी आज्ञा दिली की तो साध्या अक्षरांत छापून येतो. एक्सेलमध्ये आयतालेख तयार मिळतो, खोड-पान आलेखासाठी मात्र खटपट करावी लागते. जपानमधल्या रेल्वे स्थानकांवर वेळापत्रक ह्याच घाटाचं असतं: डावीकडे तास, त्याच्यासमोर ओळीने मिनिटं. गर्दीचा तास कोणता ते ओळीच्या लांबीवरूनच कळतं. आपल्या एसटी स्टँडवर असा फलक लावला तर बरं होईल, पण ते असो.

जाता जाता आयतालेख आणि स्तंभालेख ह्यांतला घोळही मिटवू. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड अशा जिल्ह्यांचे स्तंभ काढले तर तो स्तंभालेख. स्तंभांत फट असते आणि ते कुठल्याही क्रमाने लावले तरी चालतात. आयतालेखात आडव्या अक्षावर सलग संख्या असते, म्हणून स्तंभ एकमेकांना चिकटलेले. दहावीला वर्ग सलग करून घ्या म्हणून सांगतात ते ह्याचसाठी.

आयतालेखात वारंवारता दाखवतं ते स्तंभाचं क्षेत्रफळ; वर्ग सारखे असले तरच नुसती उंची पुरते. ह्याची खरी परीक्षा कोकणातल्या पावसात होते. हवामान खातं सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा पाऊस मोजतं. ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार, २०४.५ आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. पहिला वर्ग साधारण ५१ मिमी रुंद, दुसरा ८९. दोन्हींत सारखेच दिवस आले आणि स्तंभही सारख्याच उंचीचे काढले, तर अति जोरदार पावसाचे दिवस उगाच जास्त वाटतील. दुसरा स्तंभ ५१:८९ ह्या प्रमाणात बुटका हवा. तिसऱ्या वर्गाला तर वरची सीमाच नाही, मग त्याची रुंदी किती धरणार?

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, त्याच वेळी कुलाब्याला जेमतेम ७३ मिमीच्या आसपास. सांताक्रूझच्या त्या महिन्याचा खोड-पान आलेख सरळसोट काढायला गेलात आणि बाकी दिवस २१० मिमीच्या आत असले, तर २१ ते ९३ अशी ७३ खोडं रिकामी लिहावी लागतील. टुकींची वाट अशा वेळी सोयीची: मुख्य आलेख नेहमीच्या दिवसांचा काढायचा आणि त्याच्या खाली वेगळी ओळ लिहायची, ‘वरचे: ९४४’. आयतालेखवाला शेवटचा वर्ग ९५०ला बंद करतो आणि उजवीकडे जमिनीलगत एक लांबलचक, चपटा स्तंभ काढतो. त्यात एक दिवस आहे एवढं कळतं; पाऊस २०५ मिमी होता की ९४४, ते कळत नाही.