डाळिंब (नावाचा अर्थ व व्युत्पत्ती)

डाळिंब : कोरड्या, उष्ण हवामानात वाढणारे एक लहान, काटेरी फळझाड व त्याचे फळ. शास्त्रीय नाव प्युनिका ग्रॅनॅटम. सोलापूर जिल्ह्यात, विशेषतः सांगोला, मंगळवेढा व पंढरपूर या तालुक्यांत, या झाडाच्या मोठ्या बागा असून ‘सोलापूर डाळिंब’ या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सोलापूरजवळ केगाव येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे.

मराठी शब्दाचे मूळ संस्कृत ‘दाडिम’ हे होय. व्याकरणकार पतंजलीने आपल्या महाभाष्य या ग्रंथात एकमेकांशी अन्वय नसलेल्या शब्दांचा नमुना देताना ‘दश दाडिमानि’ म्हणजे दहा डाळिंबे अशी सुरुवात केली आहे. यावरून इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातही हे फळ, व्याकरण शिकवणाऱ्याच्या तोंडी सहज यावे, इतके परिचयाचे होते असे दिसते. परंपरागत व्युत्पत्ती हा शब्द ‘दल्’ म्हणजे फुटणे, उकलणे या धातूशी जोडते. पाण्याच्या पाळ्या चुकल्या की साल तडकून आतले लाल दाणे उघडे पडलेले फळ ज्यांनी बागेत पाहिले आहे, त्यांना ही उपपत्ती पटेल. तरीही शब्दाच्या घडणीचा विचार करता तो संस्कृताने दुसऱ्या भाषेतून उचलला असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

दोन स्वरांमधल्या ‘ड’चा मराठीत ‘ळ’ होणे हे नेहमीचेच आहे. ‘गुड’चा गूळ आणि ‘तडागा’चे तळे झाले, त्याच वाटेने ‘दाडिम’मधला ‘डि’ हा ‘ळि’ झाला, आरंभीचा दंत्य ‘द’ मूर्धन्य (जीभ टाळूकडे वळवून उच्चारलेला) होऊन ‘डा’ आला आणि अंतीच्या ‘म’ला ‘ब’ची जोड मिळाली. मूळ रूप वैद्यांच्या भाषेत मात्र टिकून आहे. दाडिमाष्टक चूर्ण आजही त्याच नावाने विकले जाते. मराठी, कानडी आणि तेलुगू या तिन्ही भाषा बोलल्या जाणाऱ्या सोलापुरात या शब्दाची भावंडे शेजारीशेजारी ऐकू येतात. अक्कलकोटकडील कानडी घरांत ‘दाळिंबे’, तर शहराच्या पूर्वभागातील विणकरांच्या तेलुगूत ‘दानिम्म’ म्हणतात. कानडी रूप मराठीच्या इतके जवळ आहे की ऐकणाऱ्याला भाषांतराची गरज पडत नाही. गुजरातीत ‘दाडम’, बंगालीत ‘डालिम’ आणि समुद्रापार मलायी भाषेत ‘देलिमा’ ही रूपेही याच मुळाची. हिंदीतील ‘अनार’ मात्र फारसीतून आला असून तो आपल्याकडे मसाल्यातील अनारदाण्यापुरता वावरतो.

संस्कृतातील इतर नावे वर्णनपर आहेत. लाल फुलांमुळे ‘लोहितपुष्पक’, तर पांढऱ्या पापुद्र्याच्या कप्प्यांत दाटीने बसलेल्या दाण्यांमुळे ‘दंतबीज’. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये रूढ केलेल्या लॅटिन नावातही दाणाच प्रमुख आहे, कारण ‘ग्रॅनॅटम’ म्हणजे दाणेदार. ‘प्युनिका’ हा शब्द मात्र दिशाभूल करतो. रोमन लोक या फळाला कार्थेजचे (उत्तर आफ्रिकेतील प्राचीन नगराचे) सफरचंद म्हणत, म्हणून ते नाव पडले. प्रत्यक्षात झाडाचे मूळ स्थान इराण व त्याच्या आसपासचा प्रदेश हे आहे. फ्रेंच भाषेत याच लॅटिन शब्दावरून फळाला ‘ग्रेनाद’ म्हणतात, आणि हातबॉम्बाचे तेच नाव फळाच्या आकारावरून पडले.

बागायतदारांच्या बोलण्यात झाडाच्या नावापेक्षा वाणाचे नाव अधिक येते. पुण्याच्या गणेशखिंड येथे निवडलेला तो ‘गणेश’. दाण्याच्या व सालीच्या रंगावरून ‘आरक्ता’ व ‘भगवा’. भगव्यालाच कुठे शेंदरी, कुठे अष्टगंधा, तर कुठे मस्तानी म्हणतात, त्यामुळे रोपे घेताना एकाच वाणाला वेगवेगळे वाण समजण्याचा धोका राहतो. बहारांची, म्हणजे फुलोरा धरण्याच्या हंगामांची, नावेही शेतकऱ्यांच्या पंचांगातून आली आहेत: पावसाच्या तोंडी धरलेला तो मृग बहार, पाऊस सरताना धरलेला हस्त बहार, आणि आंब्याला मोहर येतो त्या सुमारास, पाणी तोडून झाडाला ताण दिल्यावर धरलेला आंबे बहार.