टायर झिजला का टायर वाळला? स्पोर्ट्स कारवाल्यांनो, ह्या दोन गोष्टी एक नाहीत

"भाऊ, नक्षी तर अर्धी बी नाई गेली, टायर कायले बदलू?" हे वाक्य मी नागपुरात इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की आता एकदा सगळं लिहूनच काढतो. परफॉर्मन्स टायर, म्हणजे स्पोर्ट्स कारचे मऊ रबराचे, जास्त पकडीचे टायर, किती दिवस टिकतात हा प्रश्न आला की आपल्याकडे सगळी चर्चा किलोमीटरवर सुरू होते आणि किलोमीटरवरच संपते, एक म्हणतो माझे १५ हजारात गेले, दुसरा म्हणतो माझे ३५ हजार झाले अजून मस्त आहेत, आणि दोघंही एकच गोष्ट मोजून राहिलो असं समजतात. टायर दोन रस्त्यांनी संपतो. एक म्हणजे झिजून, दुसरा म्हणजे वाळून. पहिला डोळ्याला दिसतो म्हणून सगळ्यांना माहीत आहे. दुसरा दिसत नाही, आणि स्पोर्ट्स कारचे टायर आपल्या शहरात बहुतेक वेळा ह्या दुसऱ्याच रस्त्यानी जातात.

झिजण्याबद्दल तुम्हाला माहीतच आहे म्हणून पटकन. नव्या परफॉर्मन्स टायरची नक्षी साडेसात-आठ मिमी राहते, खाचेतल्या त्या छोट्या उंचवट्याला, म्हणजे वेअर इंडिकेटरला, टेकली की १.६ मिमी उरली, म्हणजे वापरायला मिळतात जेमतेम सहा मिमी. रबर मऊ, ग्रिप जास्त, म्हणून रस्ता ते जास्त खातो. जोर ज्या चाकांवर जातो ती चाकं आधी संपतात, रिअर व्हील ड्राइव्ह गाडीची मागची साधारण १५ ते २५ हजारात, ट्रॅकवाल्या सेमी-स्लिकची, म्हणजे अगदी कमी नक्षीच्या टायरची, त्याच्याही खूप आधी. मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद असले तर पुढचे मागे अदलाबदल करायची सोयच नाही. आतली कड झिजली असेल तर कॅम्बर (चाक आत-बाहेर किती झुकलं आहे) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलं आहे) बघा, त्यातला टो जास्त खातो, आणि बाहेरून नक्षी छान दिसते म्हणून खुश होऊ नका, स्टेअरिंग पूर्ण वळवून आतली बाजू पाहा. झालं. एवढं कोणताही चांगला अलाइनमेंटवाला सांगते.

फक्त टायरवर छापलेल्या ट्रेडवेअरच्या, म्हणजे झिजेच्या ग्रेडच्या, आकड्याबद्दल एक सांगतो कारण तो गैरसमज फार पसरला आहे. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, ३०० लिहिलं म्हणजे ३० हजार किलोमीटर, असं कोणीतरी कधीतरी सांगितलं आणि ते वाक्य फिरूनच राहिलं आहे. तसं काही नाही. ती अमेरिकेतली पद्धत आहे, टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळ ठरलेल्या रस्त्यावर साधारण ११,६०० किमी टायर चालवून बघतात आणि १०० मानलेल्या एका टायरशी तुलना करतात. वर ग्रेड कंपनी स्वतःच देते. एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला तो आकडा ठीक आहे, मिशलिनच्या पायलट स्पोर्ट ४ एसवर ३०० राहते आणि ट्रॅककडे झुकलेल्या कप २ वर त्याच्यापेक्षा बराच कमी, यातून कोणता आधी झिजेल एवढं कळते. पण वय, ऊन, उभी राहिलेली गाडी, यातलं काहीच त्या आकड्यात नाही.

आता मुद्द्यावर येतो.

टायरच्या रबरात नुसतं रबर नसते. कार्बन ब्लॅक, सिलिका, तेलं, रेझिन, मेण, ऑक्सिजन आणि ओझोनपासून वाचवणारी रसायनं, असं बरंच काही राहते. परफॉर्मन्स टायरला जी चिकट, मऊ पकड असते ती ह्याच मिश्रणातून येते. वर्षं जातात तशी तेलं हळूहळू बाहेर निघून जातात, हवेतला ऑक्सिजन रबरात शिरते, रबराच्या साखळ्यांमधल्या गाठी वाढत जातात आणि रबर कडक पडते. घरी जुनं रबरबँड पाहिलं असेलच, ताणलं की तुटते, ते काही वापरून झिजलेलं नसते. टायरचं तेच होऊन राहिलं असते, फक्त कित्येक पट हळू. यासाठी गाडी चालवायची गरज नाही. पोर्चमध्ये कव्हरखाली झाकून ठेवलेल्या गाडीचा टायरही वाळतो.

मग नेमका हा घोटाळा स्पोर्ट्स कारवाल्यांचाच का होते? हिशेब करून बघा. रोज बुटीबोरी किंवा हिंगण्याला एमआयडीसीत जाणारा माणूस वर्षाला १५ हजार चालवते. त्याचा टायर दोन-तीन वर्षांत झिजूनच जातो, वाळायला वेळच मिळत नाही, म्हणून त्याच्या दृष्टीने 'टायर संपला' म्हणजे 'नक्षी संपली' हे बरोबरच आहे. आपण सगळे गाडी शिकलो ते अशाच घरच्या गाडीवर, टायर कधी बदलायचा हे बाबांनी नक्षी दाखवून शिकवलं. पण स्पोर्ट्स कार बाहेर निघते रविवारी सकाळी, रामटेकपर्यंत जाऊन परत, कधी समृद्धीवर शिर्डीपर्यंत एखादी ट्रिप. वर्षाचे तीन हजार झाले तर खूप. म्हणजे २० हजार टिकणारा टायर नक्षीच्या हिशेबानी सहा-सात वर्षं पुरते, आणि तोपर्यंत त्याचं रबर कधीचंच कामातून गेलं असते. घरच्या गाडीचा नियम ह्या गाडीला लावला की फसलात.

माझ्या एका मित्राचं हेच झालं. जर्मन सेडान, जोर मागच्या चाकांवर, सात वर्षांची गाडी आणि रनिंग फक्त ११ हजार. नक्षी पाहिली तर कोणीही म्हणेल भाऊ अजून दोन वर्षं काढ. मृगाचा पहिला पाऊस पडला आणि अमरावती रोडवर वाडीच्या अलीकडे सिग्नल सुटल्यावर साधं वळता वळता गाडीचं मागचं बूड निघून गेलं. वेगात नव्हता, मी बाजूच्या सीटवर होतो, सांगून राहिलो म्हणून. गाडी डिव्हायडरला घासली, अलॉय फुटला, माणसं वाचली. तो म्हणे परफॉर्मन्स टायर पावसात बेकारच असतात. दुसऱ्या दिवशी आम्ही गेज लावून मोजलं, मागे साडेचार मिमी नक्षी. भरपूर. मग साइडवॉलवरची तारीख वाचली तर गाडी घेतल्यापासूनचे टायर, सात वर्षं पूर्ण. नख दाबलं तर प्लास्टिकसारखं लागे. चांगला परफॉर्मन्स टायर ओल्यात अतिशय चांगला धरतो, हा धरला नाही कारण तो आता परफॉर्मन्स टायर राहिलाच नव्हता.

दोन्ही टायर वेगळ्या पद्धतीनी दगा देतात, हे इथे नीट समजून घ्या. झिजलेल्या टायरला पाणी बाहेर फेकायला खाचा उरत नाहीत, म्हणून साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगते. पण त्याचं रबर ताजं असेल तर कोरड्या रस्त्यावर तो छान पकडतो, कधी नव्यापेक्षाही बरा, कारण नक्षीचे ठोकळे बुटके झाले की कमी हलतात, रेसवाले तर नवे टायर मुद्दाम तासून घेतात. वाळलेल्याचं वेगळं. त्याच्या खाचा पाणी फेकतात, पण रस्त्यावरच्या बारीक खडबडीत कणांमध्ये रबराला दबून शिरता आलं पाहिजे, पकड तिथून येते, आणि कडक रबर शिरत नाही. रस्ता नुसता ओलसर असला तरी घसरते आणि कोरड्यावरही ब्रेकिंगचं अंतर वाढते. झिजलेला टायर बघून माणूस निदान जपून चालवते. वाळलेला बघून तो बिनधास्त राहते.

आणि सगळ्यात उलटं आहे ते पुढे. रबर कडक झालं की ते झिजायचंही कमी होते! म्हणून जेव्हा कोणी छाती फुगवून सांगते की माझे परफॉर्मन्स टायर ४० हजार चालले, पहिल्या १५ हजारात जेवढे झिजले त्याच्या निम्मेही नंतर झिजले नाहीत, तेव्हा मला त्याची काळजी वाटते. टायर टिकला नाही भाऊ, त्यानी रस्ता पकडणंच सोडलं आहे. ज्या गुणासाठी तुम्ही एका टायरचे वीस-पंचवीस हजार मोजले तो गुण गेला म्हणून तो टिकून राहिला आहे. साध्या टूरिंग टायरमध्ये हा फरक चटकन जाणवत नाही कारण तो पहिल्या दिवसापासूनच जरा कडक राहते. परफॉर्मन्स टायरला गमावण्यासारखं जास्त असते.

आता नागपूरचं ऊन. उष्णतेनी रबराचं वय भराभर वाढते, रसायनशास्त्रातला ढोबळ नियम आहे की तापमान १० अंशानी वाढलं की अशा प्रक्रियेचा वेग साधारण दुप्पट होते. मे महिन्यात ४५ च्या वर पारा, नवतप्यात तर डांबर पायाला चटके देते, आणि सिमेंटच्या अंगणात दिवसभर उभ्या गाडीचा टायर किती तापत असेल बघा. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा संस्थेनी एका विमा कंपनीची २००२ ते २००६ ची आकडेवारी दिली होती, ॲरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, लुईझियाना आणि टेक्सास ह्या पाच गरम राज्यांत त्या कंपनीचे २७ टक्के ग्राहक, पण टायरचे ७७ टक्के दावे तिथलेच, आणि त्यातले ८४ टक्के टायर सहा वर्षांपेक्षा जुने. आपलं हवामान त्या राज्यांच्या पंक्तीतलंच आहे, पुण्या-मुंबईच्या लोकांचा अनुभव इथे जसाच्या तसा चालत नाही.

हॉलिवूडचा नट पॉल वॉकर ज्या अपघातात गेला ती पोर्शे करेरा जीटी आठवा, नोव्हेंबर २०१३. वेग मर्यादेपेक्षा खूप जास्त होता, मुख्य कारण तेच, पण तपासात हेही आलं की टायर नऊ वर्षांचे होते आणि त्यामुळे गाडीची पकड बिघडलेली असू शकते. एवढी महागडी, कमी चाललेली गाडी, आणि टायर जुने. हे चित्र मला नागपुरातही दिसते, म्हणून लिहितो आहे.

तपासायचं कसं? साइडवॉलवर डीओटी (DOT) ह्या अक्षरांनंतर एक रांग असते, तिच्या शेवटी चार आकडे. २३१९ असेल तर २०१९ चा २३ वा आठवडा. कधी ते आतल्या बाजूला असतात, मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली वाका. नवे टायर घेतानाही हे आधी वाचा, पैसे नंतर द्या. जून २०२० मध्ये सरकारनी टायरची आयात मोकळीतून बंधनाच्या यादीत टाकली, तेव्हापासून १९ आणि २० इंची मोठ्या साइजमध्ये जुना स्टॉक गळ्यात पडण्याची भीती वाढली आहे. मलाच एका दुकानात 'ब्रँड न्यू' म्हणून तीन वर्षांपूर्वी बनलेला टायर दाखवला होता, मी हात जोडून निघून आलो. नुसती नखानी परीक्षा पुरत नाही, कडकपणा मोजायचं छोटं मीटर ऑनलाइन मिळते, शोअर ए वालं, नवे टायर लागले त्या दिवशी मोजून लिहून ठेवा, मग दर सहा महिन्यांनी त्याच जागी, गाडी थंड असताना. आकडा चढत गेला की समजून जा. भेगा दिसायची वाट पाहू नका, भेगा दिसतात तेव्हा पकड आधीच गेलेली असते.

हां, डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठ-दहा अंशात गाडी काढली आणि पहिली पाच-सात मिनिटं गाडी लाकडी वाटली तर तो वाळल्याचा पुरावा नाही. समर कंपाउंड, म्हणजे गरम हवेसाठी बनवलेलं रबर, थंडीत आखडते, टायर गरम झाले की मोकळं होते. फुटाळ्याला एक चक्कर होईस्तोवर शांत चालवा.

बाकी दोन गोष्टी ज्या मला सहन होत नाहीत. एक, टायर काळा करायचं पॉलिश. धुलाई सेंटरवाला न विचारता मारते आणि सात वर्षांचा टायर शोरूममधला दिसायला लागते, मी स्पष्ट सांगतो की टायरला हात लावू नको. दुसरी, नायट्रोजन भरला म्हणजे टायर जास्त टिकतो हे. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असते. त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी सकाळी, गाडी थंड असताना हवा बघा, दुपारी तापलेल्या टायरमध्ये बघून हवा कमी करू नका.

माझं मत ठाम आहे, नागपुरात स्पोर्ट्स कारचे टायर पाच वर्षं झाली की काढायचे, नक्षी किती का उरेना, आणि चारही एकदम, दोन ताजे दोन वाळलेले असं करायचं नाही. कंपन्या सहा म्हणतात, काही दहापर्यंत जातात, ते जर्मनीच्या गॅरेजसाठी ठीक आहे.

आणि काढलेले टायर दुकानात तसेच सोडून येऊ नका. नक्षी भरपूर असते म्हणून तेच टायर '९० टक्के ग्रिप' सांगून सेकंड हँडमध्ये कोणाच्या तरी पहिल्या गाडीला लागतात, त्या पोराला तारखेचे आकडे वाचता येत नाहीत. मी समोर उभा राहून चारही साइडवॉलला ड्रिल मारून घेतो, मगच गाडी बाहेर काढतो.