कैसराच्या कराचा प्रश्न

कैसराच्या कराचा प्रश्न : ‘कैसराला (रोमी सम्राटाला) कर द्यावा की न द्यावा’ असा प्रश्न येशू ख्रिस्ताला त्याच्या विरोधकांनी यरुशलेमच्या मंदिरात विचारला. हा प्रसंग व त्याला मिळालेले उत्तर हा या नोंदीचा विषय होय. श्रद्धा आणि राजसत्ता यांच्या सीमेवरचे प्रश्न कोणी अडवण्याच्या हेतूने विचारले, तर ख्रिस्ती माणसाने कसे बोलावे याविषयीची शिकवण बऱ्याच अंशी याच प्रसंगाभोवती वाढली. कथा मार्क (१२:१३–१७), मत्तय (२२:१५–२२) व लूक (२०:२०–२६) यांच्या शुभवर्तमानांत येते. योहानात ती नाही.

विचारणारे आधी स्तुती करतात : गुरुजी कोणाची भीड धरीत नाहीत, देवाचा मार्ग खरेपणाने शिकवतात. येशू त्यांचे ढोंग ओळखून नाणे मागवतो आणि त्यावरील मुद्रा व लेख कोणाचा असे विचारतो. ‘कैसराचा’ असे उत्तर आल्यावर कैसराचे ते कैसराला व देवाचे ते देवाला भरून द्या, असे तो सांगतो. ‘द्या’ म्हटले असते तर रोमी कराला विटलेल्या लोकांत पत गेली असती. ‘देऊ नका’ म्हटले असते तर सुभेदाराकडे तक्रार करता आली असती. लूक हा दुसरा हेतू उघड सांगतो. पुढे रोमी सुभेदार पिलातासमोर येशूवर जे आरोप ठेवले गेले, त्यांत तो कैसराला कर देण्यास मनाई करतो हाही एक होता (लूक २३:२). सापळा चुकला, आरोप मात्र टळला नाही. प्रसंगाच्या प्रचलित निवेदनांत ही बाब बहुधा गळते.

कराचे स्वरूप : हेरोद राजाचा मुलगा अर्खेलाव याला इ. स. ६ मध्ये पदच्युत करून रोमने यहूदीया प्रांत थेट आपल्या अंमलाखाली आणला. सिरियाचा सुभेदार क्विरिनियस याने त्या वेळी मालमत्तेची मोजणी केली. यहूदी इतिहासकार जोसीफसच्या वृत्तांतानुसार महायाजक योआजार याने लोकांची समजूत घातली. परंतु यहूदा नावाच्या पुढाऱ्याने सादोक या परूश्याच्या (धर्मशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातील माणसाच्या) साथीने बंडाची हाक दिली. देवावाचून कोणी धनी मानू नये, रोमला कर देणे हे भेकडपणाचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. हा यहूदा जोसीफसच्या एका ग्रंथात गालीली म्हणून येतो, तर दुसऱ्यात गामलाचा रहिवासी म्हणून. दोन्ही वर्णने एकाच माणसाची असावीत असे बहुतेक अभ्यासक मानतात. प्रेषितांची कृत्ये (५:३७) या ग्रंथातही त्याचा उल्लेख आहे. या चळवळीला सर्रास ‘झेलट पक्ष’ (रोमविरोधी कट्टर यहूद्यांचा गट) म्हटले जाते, पण त्या नावाचा संघटित गट इ. स. ६६ च्या युद्धकाळापूर्वी स्पष्टपणे दिसत नाही. म्हणून प्रश्न विचारला गेला त्या वेळी झेलटांचा दबाव होता, हे विधान जपून करावे लागते.

मार्क व मत्तय यांनी कराला लॅटिन ‘सेन्सस’वरून आलेला शब्द वापरला आहे, लूकने खंडणीसाठीचा सामान्य ग्रीक शब्द. पहिल्यावरून हा डोईपट्टीचा प्रकार असावा असे अनुमान काढतात. तो दर डोई वर्षाला एक देनारियस (रोमी चांदीचे नाणे) होता असे अनेक भाष्यांत लिहिलेले आढळते. त्याला समकालीन पुरावा नाही, कथेतील नाण्यावरूनच दर ठरवल्यासारखे ते दिसते. कराचा बोजा जाणवत होता एवढे मात्र खरे. सिरिया व यहूदीया या प्रांतांनी इ. स. १७ मध्ये खंडणी कमी करण्याची विनंती केली, असे रोमी इतिहासकार टॅसिटसने नोंदवले आहे. गालीलावर तेव्हा हेरोद अंतिपा राज्य करीत होता आणि तेथील प्रजा रोमला थेट कर भरत नव्हती. येशू स्वतः गालीलचा. तेव्हा हा प्रश्न त्याच्या स्वतःच्या कराचा नसून यहूदीयातील लोकांना तो काय शिकवतो याचा होता.

नाणे : परंपरेने हे नाणे तिबिर्य कैसराचा (कार. १४–३७) चांदीचा देनारियस मानले जाते. त्याचे वजन सुमारे ३.८ ग्रॅम. पुढील बाजूस लॉरेलच्या पानांची माळ घातलेले कैसराचे मस्तक व ‘दैवी ऑगस्टसचा पुत्र तिबिर्य कैसर ऑगस्टस’ अशा अर्थाचा संक्षिप्त लॅटिन लेख, मागील बाजूस आसनावर बसलेली स्त्री आणि ‘महापुरोहित’ ही पदवी. ही स्त्री कैसराची आई लिव्हिया असावी, शांतिदेवतेच्या रूपात दाखवलेली, असे सांगतात. नाण्यावर तिचे नाव नाही. टाकसाळ प्रामुख्याने लुग्दुनुम (सध्याचे लिआँ) येथील. या प्रकारावर वर्ष घातलेले नसल्याने आसनाचे पाय, त्यावरील नक्षी व पायाखालची रेघ यांवरून नाण्यांचे गट पाडतात. त्यातून साधारण क्रम लागतो, विशिष्ट वर्ष मिळत नाही. संग्राहकांच्या बाजारात हेच नाणे ‘ट्रिब्यूट पेनी’ म्हणून विकले जाते.

या ओळखीवर नाणकशास्त्रज्ञांनी शंका घेतली आहे. इ. स. ७० पूर्वीच्या यहूदीयात रोमी देनारियस तुरळक सापडतात. चांदीचा व्यवहार मुख्यतः सोरच्या (टायर) शेकेलांत आणि अंत्युखियाच्या चौद्राम (चार द्राख्मांच्या) नाण्यांत चाले, किरकोळ खरेदी स्थानिक तांब्याच्या नाण्यांत. त्यामुळे अंत्युखियाचे तिबिर्य व ऑगस्टस या दोघांची मस्तके असलेले चौद्राम नाणे, किंवा ऑगस्टसने गायस व लुसियस या नातवांच्या नावे पाडलेला देनारियस, असे पर्याय सुचवले गेले. शुभवर्तमानांचे कर्ते पूर्वेबाहेरच्या वाचकांसाठी लिहीत होते, म्हणून त्यांनी वाचकांना परिचित नाण्याचे नाव घातले असावे, असाही तर्क आहे. कथेला लागते ते इतकेच की नाण्यावर कैसराची मुद्रा व नाव असावे. हे सर्वच पर्याय ती अट पुरी करतात. नाण्यावरील ‘दैवी’ बिरुदावरून येशूच्या उत्तराचा अर्थ लावणारी भाष्ये यामुळे थोडी डळमळतात.

प्रतिमा असलेले नाणे मंदिरात बाळगून विचारणाऱ्यांनीच आपला दांभिकपणा उघड केला, हा मुद्दाही भाष्यकारांना प्रिय आहे. पण मंदिराचा अर्ध्या शेकेलाचा कर ज्या सोरच्या नाण्यांत भरला जाई, त्यांवर मेलकार्थ या परदेशी देवाचे मस्तक व गरुड असे. मंदिराच्या आवारात प्रतिमांकित नाणे दिसणे ही त्या काळी नवलाची गोष्ट नव्हती. येशूजवळ स्वतःचे नाणे नव्हते आणि ते विरोधकांकडून आले, एवढाच तपशील मजकुरातून निघतो.

विचारणारे : मार्क व मत्तय यांच्या मते परूशी व हेरोदी मिळून आले, लूक हेरोद्यांना वगळून ‘हेर’ असा उल्लेख करतो. हेरोदी हे नाव नव्या करारात मार्क ३:६, १२:१३ व मत्तय २२:१६ एवढ्याच ठिकाणी येते. चौथ्या शतकातील ख्रिस्ती लेखक एपिफानियसच्या काळी ते हेरोदाला मसीहा मानणारे लोक समजले जात. विसाव्या शतकात काहींनी त्यांचे नाते एसीन या विरक्त यहूदी पंथाशी जोडले. अंतिपाच्या बाजूचे दरबारी व हितसंबंधी लोक, हा साधा अर्थच अधिक पटणारा आहे. कराविषयी एकमत नसलेले दोन गट एकत्र आले, यात प्रश्नाचा डाव दिसतो.

मजकुराचा इतिहास : रूपसमीक्षकांनी (मौखिक परंपरेतील कथांचे प्रकार तपासणाऱ्या अभ्यासकांनी) या कथेला एका वचनाकडे नेणारे लघुकथन मानले, बुल्टमानसारख्या संशयी अभ्यासकानेही ती एकसंध असल्याचे मान्य केले. डेव्हिड डाउब याने मार्क १२ मधील चार प्रश्नांची मालिका वल्हांडण या यहूदी सणाच्या विधीतील चार पुत्रांच्या प्रश्नांशी जोडली. कल्पना आकर्षक असली तरी त्या विधीची आजची मांडणी पहिल्या शतकाइतकी जुनी आहे काय, यावर ती अवलंबून आहे. नव्या करारात नसलेल्या थोमाच्या शुभवर्तमानात (वचन १००) सोन्याचे नाणे दाखवले जाते आणि उत्तरात ‘माझे ते मला द्या’ अशी भर पडते. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एगर्टन पपायरसमध्ये (एका अज्ञात शुभवर्तमानाच्या हस्तलिखिताच्या तुकड्यांत) राजांना द्यावयाच्या गोष्टींविषयी असाच प्रश्न आहे, पण नाणे नाही. येशू यशयाचे वचन उद्धृत करून विचारणाऱ्यांना फटकारतो. हा पपायरस आधी दुसऱ्या शतकाच्या मध्याचा मानला गेला. त्याच हस्तलिखिताचा कोलोन येथील तुकडा १९८७ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर तो इ. स. २०० च्या सुमाराकडे ओढण्याचा कल आहे.

अर्थ : दुसऱ्या शतकाच्या मध्यास ख्रिस्ती लेखक जस्टिनने हे वचन ख्रिस्ती लोक कर चुकवत नाहीत याचा पुरावा म्हणून सम्राटापुढे मांडले. लॅटिन ख्रिस्ती लेखक टर्टुलियनने वेगळे वळण दिले : नाण्यावर कैसराची प्रतिमा आहे म्हणून नाणे त्याचे, माणसावर देवाची प्रतिमा आहे म्हणून माणूस देवाचा. मूळ प्रसंगात बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायाचा हा संदर्भ अभिप्रेत होता असे सिद्ध करता येत नाही. तरीही मुद्रेविषयी मुद्दाम विचारलेल्या प्रश्नाचे स्पष्टीकरण इतर अर्थांपेक्षा तो बरे करतो. चौथ्या शतकात कॉर्डोबाचा बिशप होसियस याने सम्राट कॉन्स्टँटियसला हेच वचन ऐकवून चर्चच्या कारभारात हात घालू नये असे बजावले. राजवाडे सम्राटाचे, चर्चे धर्मगुरूंची, ही बिशप अँब्रोझची मिलानमधील (३८६) भूमिका त्याच वाटेची. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने १५२३ च्या प्रबंधात राजसत्तेचा अधिकार देह व मालमत्ता यांवर चालतो, आत्म्यावर नाही, असे मांडले. उलट टोकाला, एस. जी. एफ. ब्रँडन याने १९६७ मध्ये असा दावा केला की सारी भूमी देवाचीच असल्याने या उत्तराचा मूळ रोख कर न देण्याकडे होता. लूकमधील आरोपाचा उलगडा त्याने होतो, पण जमलेल्या विरोधकांना तो रोख कळला असता तर ते निरुत्तर का झाले, हे कळत नाही. आधुनिक अर्थाने धर्म व शासन यांची फारकत या वचनात वाचणे हे कालविपर्यासाचे आहे.

उत्तर देण्याची शिकवण : नव्या करारात याविषयी एकच सूर नाही. तुम्हाला सत्तेपुढे नेले तर काय बोलावे याची चिंता करू नका, असे मत्तय (१०:१९) सांगतो आणि लूक (२१:१४) आधी तयारी न करण्याचा निश्चयच करावयास लावतो. पेत्राचे पहिले पत्र (३:१५–१६) मात्र तुमच्या आशेचे कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देण्यास सदैव सिद्ध राहा, परंतु ते सौम्यतेने व आदराने द्या, असे म्हणते. पत्राचा काळ इ. स. च्या सातव्या दशकापासून शतकाच्या अखेरीपर्यंत कोठेही धरला जातो. दोन्ही वचनांची सांगड घालताना भाष्यकार सहसा पहिले न्यायालयापुरते व दुसरे रोजच्या संभाषणापुरते ठेवतात. विभागणी सोयीची आहे, पण पेत्राच्या पत्रातील उत्तरासाठीचा ग्रीक शब्द न्यायालयातील बचावासाठीही वापरला जाई. तीमथ्याला दुसऱ्या पत्रात (२:२३–२५) भांडणे उपजवणारे वाद टाळण्याचा सल्ला आहे. येशूच्या स्वतःच्या वागण्यातही प्रतिप्रश्न (मार्क ११:२९–३३) आणि हेरोद अंतिपापुढचे पूर्ण मौन (लूक २३:९) ही दोन्ही उदाहरणे सापडतात.

खऱ्या चौकशीत ही शिकवण कशी उतरली याचा सर्वांत बोलका नमुना कार्थेजमधील सिल्लियमच्या हुतात्म्यांच्या खटल्याचा आहे (१७ जुलै १८०). स्पेरातुस या आरोपीने या जगाचे साम्राज्य आपण मानत नाही असे सांगितले, आणि त्याच दमात, काही विकत घेतले तर त्यावरचा कर भरतो, असेही. दोनाता हिने कैसराला कैसर म्हणून मान, पण भय देवाचे, असे उत्तर दिले. दुसऱ्या शतकातील बिशप पॉलिकार्प याच्या हुतात्म्यवृत्तातही अधिकाऱ्यांना योग्य तो मान देण्याची शिकवण आहे. कैसराच्या दैवाची शपथ मात्र तो नाकारतो.

सत्य सांगितले तर दुसऱ्याचा जीव जातो, अशा प्रश्नाचे काय? ख्रिस्ती धर्माचार्य ऑगस्टीनने असत्यावरील प्रबंधात (सु. ३९५) तागास्तेचा बिशप फिर्मुस याचे उदाहरण दिले आहे. लपवलेला माणूस कोठे आहे असे सम्राटाच्या शिपायांनी विचारल्यावर, मी खोटे बोलू शकत नाही आणि त्याला धरूनही देऊ शकत नाही, असे तो म्हणाला व छळ सोसला. लबाडी नाही, पण उत्तर देण्याचे बंधनही नाही, ही मर्यादा पुढे कायम राहिली. इंग्लंडमध्ये टॉमस मोर याने १५३४ मध्ये राजाच्या वारसाहक्काची शपथ नाकारताना कारण सांगण्याचेही नाकारले आणि खटल्यात मौन म्हणजे कायद्याने संमती असा युक्तिवाद केला. ६ जुलै १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला.

पोपने १५७० मध्ये राणी एलिझाबेथला पदच्युत घोषित केल्यानंतर पकडलेल्या कॅथलिक धर्मगुरूंना, पोपच्या सैन्याने स्वारी केली तर तुम्ही कोणाच्या बाजूने लढाल, असे विचारले जाऊ लागले. कैसराच्या प्रश्नाशी याचे साम्य त्या काळच्या लोकांनाही जाणवले. हा ‘रक्तरंजित प्रश्न’ कायद्यातील गुन्ह्याचा नसून भविष्यातल्या मनाचा होता. अनेकांनी उत्तर टाळले. टाळाटाळही विरुद्ध पुरावा ठरली. याच वातावरणात, नव्हारूस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्पॅनिश धर्मशास्त्रज्ञाने मांडलेला ‘मनातील राखीव अर्थ’ हा सिद्धांत इंग्लंडात गाजला : उच्चारलेले अर्धे वाक्य मनातल्या अर्ध्याने पुरे होते आणि ते देव ऐकतो. रॉबर्ट साउथवेल (१५९५) व हेन्री गार्नेट (१६०६) या जेझुइट धर्मगुरूंच्या खटल्यांत तो त्यांच्याच विरुद्ध वापरला गेला. ऑगस्टीनच्या मर्यादेशी त्याचा मेळ बसत नाही, आणि पोप इनोसंट अकराव्याने १६७९ मध्ये त्याच्या टोकाच्या रूपांचा निषेध केला.

विसाव्या शतकात हिटलरच्या राजवटीत जर्मन प्रोटेस्टंटांनी काढलेल्या बार्मेनच्या जाहीरनाम्याने (१९३४) शासनाच्या मर्यादा सांगताना कैसराच्या वचनाऐवजी पेत्राच्या पहिल्या पत्राचा (२:१७) आधार घेतला. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या धर्मस्वातंत्र्यविषयक घोषणेत (१९६५) मात्र कैसराचे वचन परत येते, ख्रिस्ताने राजसत्ता व तिचे अधिकार मान्य केले याचा दाखला म्हणून.