साखरेनं न उठणारा मेंदू: फळमाशीतल्या इन्सुलिनची पार्श्वभूमी

टोरांटोत १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं, आणि या संप्रेरकाचं नाव साखरेशी जोडलं गेलं ते कायमचंच. फळमाशीला तर स्वादुपिंडच नसतं. तरी १९८०च्या दशकात तिच्यात माणसाच्या इन्सुलिन रिसेप्टरशी, म्हणजे पेशीवर बसून इन्सुलिनचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाशी, मिळतंजुळतं जनुक सापडलं. त्याचं इथे काम काय? भ्रूण पुरेसा वाढल्यावर या जनुकाची हालचाल सर्वांत जास्त दिसत होती मज्जासंस्थेत. १९९५ मध्ये हा रिसेप्टर निकामी झालेले भ्रूण तपासले, तेव्हा त्यांच्या मज्जासंस्थेची घडणच बिघडलेली निघाली.

एवढं हाती असूनही पुढची काही वर्षं चर्चा गाजली ती माशीच्या आकारमानाची. झुरिकमध्ये हाफेन यांच्या गटानं १९९९ साली या रिसेप्टरचा निरोप पेशीच्या आत पुढे नेणारं 'चिको' जनुक दाखवलं. ते बिघडलं की माशी निम्म्याहूनही लहान भरते. २००१ मध्ये इन्सुलिनसारखी सात प्रथिनं मोजली गेली. त्यांतली काही मेंदूतल्याच मोजक्या चेतापेशी बनवतात. त्या पेशी मारल्या तर अळी खुरटते आणि तिच्या रक्तरसातली साखर चढते, हे २००२ मध्ये कळलं. माशीच्या डोळ्यातून मेंदूकडे निघालेल्या तंतूंना वाट सापडायलाही हाच रिसेप्टर लागतो, हे त्याच्या पुढच्या वर्षीचं.

मला मात्र यातला सर्वांत रंजक धागा वाटतो तो १९९८चा. भ्रूणात भराभर विभागणाऱ्या मज्जासंस्थेच्या मूळपेशी, म्हणजे न्यूरोब्लास्ट, नंतर आक्रसून निद्रिस्त होतात. अळी अंड्यातून बाहेर येऊन खाऊ लागली की त्या पुन्हा जाग्या होतात. ब्रिटन आणि एडगर यांनी नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्यांना नुसत्या साखरेवर ठेवलं. अळ्या जगल्या, पण न्यूरोब्लास्ट हलले नाहीत. त्यांना प्रथिनं हवी होती, खरं तर त्यांतली अमिनो आम्लं. मग उपाशी अळीची मज्जासंस्था आणि खाल्ल्यापिल्ल्या अळीचं मेदपिंड (चरबी साठवणारा अवयव) त्यांनी एकत्र वाढवलं, आणि मूळपेशी जाग्या झाल्या. म्हणजे जेवणाची वर्दी मेदपिंड देत होतं.

ती वर्दी न्यूरोब्लास्टपर्यंत पोहोचते कशी, हे उलगडायला एक तप गेलं. केंब्रिजमध्ये चेल आणि ब्रँड यांनी २०१० साली, तर लंडनमध्ये सूझा-नुनेस आणि गूल्ड यांच्या गटानं २०११ साली दाखवलं की निरोप आधी ग्लिया पेशींकडे, म्हणजे मज्जासंस्थेतल्या आधार देणाऱ्या पेशींकडे, जातो. त्या स्वतः इन्सुलिनसारखं प्रथिन बनवून शेजारच्या न्यूरोब्लास्टला देतात. त्याच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर चालू होतो, पेशी आधी फुगते आणि मग विभागते. मेंदूतल्या त्या प्रसिद्ध इन्सुलिनपेशी मारल्या तरी न्यूरोब्लास्ट जागे होतात! कामाला येतं ते शेजारणीनं हातात ठेवलेलं इन्सुलिन; रक्तरसात फिरणारं नव्हे.

ही गरज आयुष्यभराची नाही. गूल्ड यांच्याच गटानं २०११ मध्ये मोठ्या अळ्यांना उपाशी ठेवून पाहिलं. बाकी अवयवांची वाढ थांबली, पण न्यूरोब्लास्ट वाढत राहिले. त्या वयात 'आल्क' नावाचा दुसराच रिसेप्टर इन्सुलिन रिसेप्टरला वळसा घालून तीच आतली यंत्रणा चालवतो, आणि त्याला लागणारं प्रथिनही ग्लियाच पुरवतात. अशा अळीची माशी अंगानं लहानखुरी होते. तिचा मेंदू मात्र फारसा लहान राहत नाही.