आंबेडकरी जलसा

आंबेडकरी जलसा : तमाशाच्या घाटात बसवलेला, पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीचा विचार सांगणारा गाणी, संवाद आणि वग (गाण्या-संवादांतून रंगवलेली कथा) यांचा लोकनाट्यप्रकार. १९३० च्या दशकात मुंबईच्या कामगार वस्त्यांत आणि नाशिकच्या बाजूला तो जोमाने वाढला. करणारे बहुतेक दिवसा मजुरी करणारे आणि रात्री उभे राहणारे होते.

त्याची पूर्वपीठिका सत्यशोधक जलशात आहे. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजीराजांवर पवाडा रचला आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्राह्मणेतर चळवळीने गावोगाव जलसे नेले. भटशाही आणि सावकारी यांची टिंगल हा त्यांचा हुकमी भाग. आंबेडकरी शाहिरांनी ही चौकट घेतली आणि तिच्यात अस्पृश्यतेचा प्रश्न मध्यभागी आणला.

ही उसनवारी साधी नव्हती. तमाशाची ढोलकी, हलगी आणि गळा बव्हंशी महार-मांग कलावंतांचाच होता, आणि तोच तमाशा त्यांच्या हीन स्थानाची खूणही होता. तमाशाचे नामवंत शाहीर पठ्ठे बापूराव आणि त्यांच्या फडातली नर्तकी पवळा यांनी महाडच्या सत्याग्रहासाठी देऊ केलेली देणगी आंबेडकरांनी नाकारल्याची हकिकत सांगितली जाते; आपल्या स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा नको, हे त्यामागचे कारण. म्हणजे तमाशाचा पैसा चालत नव्हता, पण त्याचा ढाचा चालवून घेतला गेला. जलशाने त्यातली शृंगारिक लावणी गाळली आणि स्त्री-भूमिका पुरुषांकडे दिल्या. यातून प्रतिष्ठा मिळाली, पण कलावंतिणीची जागाही गेली. ही बाजू जलशाच्या गौरवात सहसा येत नाही.

रचना तमाशाचीच : गण (आरंभीचे वंदन), गवळण (कृष्ण आणि गवळणींचा प्रसंग), बतावणी (विनोदी संवाद), वग. सत्यशोधकांनी गणपती म्हणजे गणांचा, अर्थात लोकांचा नायक असा अर्थ लावला होता. आंबेडकरी जलशाच्या गणातही देवस्तुतीऐवजी चळवळीची भाषा आली. वगाचे विषय रोजच्या जगण्यातले असत : पाणवठा, मंदिरप्रवेश, सावकार, मुलांची शाळा, मेलेल्या जनावराचे मांस आणि गावकीची कामे सोडणे. महाडचे चवदार तळे (मार्च १९२७), नाशिकचे काळाराम मंदिर (मार्च १९३० पासून) आणि येवल्याची धर्मांतराची घोषणा (ऑक्टोबर १९३५) या घटना अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत अशा वाटेने पोचल्या. सोंगाड्याने, म्हणजे विनोदी पात्राने, अडाणी होऊन प्रश्न विचारायचा, शाहिराने उत्तर द्यायचे. प्रश्न जितका बावळट, तितके उत्तर प्रेक्षकाच्या जिव्हारी लागे. मुख्य शाहीर ओळ टाकी, आणि मागचे झीलकरी (साथीला गाणारे) तिचे शेवटचे अक्षर उंच सुरात धरून ‘जी जी रं जी’ म्हणत; तेवढ्या अवकाशात शाहिराला श्वास मिळे आणि ऐकणाऱ्याला ओळ पाठ होई. तुणतुण्याची एकच तार, पण सूर न हलू देण्याचे काम तिचे.

जलसाकारांत भीमराव कर्डक हे नाव अग्रभागी. त्यांनी नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा उभा केला आणि १९७८ मध्ये जलशांचे स्वरूप व कार्य सांगणारे पुस्तक लिहिले. आपली दहा भाषणे आणि एक जलसा बरोबरीचे, असे आंबेडकर म्हणाल्याची आठवण या परंपरेतले लोक सांगतात.

आडनावाच्या साम्यामुळे भीमराव कर्डकांशी गफलत होणारे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत कोणी त्यांना पत्र वाचायला दिले, ते वाचता आले नाही, आणि त्या लाजेतून ते मोठेपणी अक्षरे गिरवायला बसले. रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या हे त्यांचे वाचनपुस्तक. १९४३ पासून त्यांनी गाणी रचली. त्यांची संख्या हजारांत मोजली जाते. त्यांच्या काळात जलशाचा वग मागे पडून सुटे गाणे, म्हणजे भीमगीत, पुढे आले आणि त्यात कव्वालीचा मुकाबलाही (दोन गायकांची सवाल-जवाबाची चढाओढ) मिसळला. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांच्या गळ्यांनी हा प्रवाह रेकॉर्ड आणि कॅसेटपर्यंत नेला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक (१९४४) हा वेगळा, साम्यवादी फाटा. तरी ‘जग बदल घालुनी घाव, सांगून गेले मला भीमराव’ हे अण्णा भाऊंचेच गीत आज आंबेडकरी सभांत सर्वांच्या तोंडी असते.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गाण्यांत बुद्ध आला. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर हे आता त्यांचे मोठे दिवस. दादरच्या चैत्यभूमीबाहेर गाण्यांच्या पातळ पुस्तिका विकायला मांडलेल्या असतात. अशा पुस्तिकांत गाण्यावर ‘चाल’ म्हणून तेव्हाच्या एखाद्या लोकप्रिय गाण्याची पहिली ओळ छापायची रीत आहे. शब्द शाबूत राहिले; जुन्या जलशांच्या कितीतरी चाली मात्र ज्यांना येत होत्या, त्यांच्याबरोबरच गेल्या.