कायमच्या कॅपआधीची कॅप

रूट कॅनाल झालं, दात घासून बारीक केला, माप लॅबला गेलं. कायमची कॅप येईपर्यंतचे आठ-दहा दिवस त्या दातावर जी टेम्पररी कॅप बसते, तिच्याकडे पेशंट सोडाच, बरेच विद्यार्थीही नुसतं दिवस काढण्याचं काम म्हणून बघतात. मला हे फार खटकतं.

मुळात हा मधला काळच नवा आहे. एकोणिसाव्या शतकात दातांचा डॉक्टर बहुतेक सगळं स्वतःच घडवायचा. १८८७ मध्ये बोस्टनला व्यावसायिक डेंटल लॅब निघाली. पुढे १९०७ मध्ये विल्यम टॅगर्ट यांनी मेणाचा नमुना जाळून त्या पोकळीत सोनं ओतायची रीत दंतवैद्यकात रुजवली. कॅपचं काम हळूहळू लॅबकडे गेलं आणि घासलेला दात इकडे उघडा राहू लागला. त्यावर ॲल्युमिनियमची टोपी कापून, वाकवून बसवत. १९३७ च्या सुमारास ॲक्रिलिक आलं ते कवळ्यांसाठी, पण ते शिजवावं लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत खोलीच्या तापमानाला घट्ट होणारं ॲक्रिलिक निघालं, तेव्हा खुर्चीशेजारीच कॅप बनू लागली. आजचं आपलं ‘सेल्फ क्युअर’ ते हेच.

शिकवण्याची साधनं त्याहून जुनी. ग्लासगोच्या ओसवाल्ड फर्गस यांनी १८९४ मध्ये फँटम हेड, म्हणजे सरावासाठीचं डोकं, तयार केलं. आपल्याकडे डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात पहिलं डेंटल कॉलेज काढलं, १९४८ च्या दंतवैद्यांच्या कायद्यानंतर अभ्यासक्रमाला देशभर एक शिस्त आली. सोलापूरकरांना मात्र दातांच्या शिक्षणासाठी बरीच वर्षं मुंबई गाठावी लागे. आता सोलापूरजवळ केगावला डेंटल कॉलेज आहे.

फँटमवर सगळ्यात अवघड असते ती वेळ. ॲक्रिलिकचं पावडर-लिक्विड कालवलं की आधी ओल्या वाळूसारखं लागतं, मग तार सुटते, मग कणकेसारखा गोळा होतो. तो दात घासण्याआधी पुट्टीने, म्हणजे माप घ्यायच्या मऊ लगद्याने, घेतलेल्या मापात भरून दातावर दाबायचा आणि रबरासारखा झाला की काढ-घाल, काढ-घाल करत राहायचं. मिनिटभर हयगय झाली की कॅप शेजारच्या दातांच्या खोबणीत अडकून बसते. शिवाय घट्ट होताना ॲक्रिलिक तापतं. फँटमला चटका कळत नाही, जिवंत दाताची नस मात्र दुखावते. म्हणून पाणी मारायची सवय फँटमवरच लागायला हवी.

कडेला कॅप आखूड राहिली तर जिवंत दात ठणकतो आणि हिरडी त्यावर चढते. लांब राहिली तर हिरडी सुजते. चावा बसत नसेल तर समोरचा दात सरकतो आणि लॅबची चांगली कॅपसुद्धा बसत नाही. अक्कलकोट, मंगळवेढ्याहून एसटीने येणाऱ्या किंवा यंत्रमागावरची एक पाळी बुडवून आलेल्या माणसाला कॅप निघाली म्हणून पुन्हा बोलावणं म्हणजे त्याची दिवसाची मजुरी घालवणं.

म्हणून पेशंट खुर्चीतून उठण्याआधी मी माझ्या विद्यार्थ्यांना दोनच गोष्टी स्वतः सांगायला लावते: कॅप निघाली तर फेकू नका, घेऊन या. आणि कडक भाकरी आमटीत चांगली कुस्करून, दुसऱ्या बाजूने खा.