डिस्क केवढी? एका साध्या प्रश्नाची पार्श्वभूमी

डिस्कचा आकार काढणारी लिनक्सवरची स्क्रिप्ट फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या दुसऱ्या प्रणालीवर नेली की पहिल्याच ओळीला अडते. फाइल वाचणं, ओळी मोजणं दोन्हीकडे सारखंच, मग इथेच घोडं का अडावं? याचं मूळ पार युनिक्स ज्यावर वाढलं त्या पीडीपी-11 संगणकाच्या काळात आहे.

तेव्हा आकार डिस्कला विचारायची सोयच नव्हती, तो माणसाला ठाऊक असावा लागे. आरके05 डिस्कवर 512 बाइटांचे 4872 ब्लॉक मावत, म्हणजे जेमतेम अडीच एमबी. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही (1979) नवी रिकामी फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची व्यवस्था) बनवताना 'एमकेएफएस' या आदेशाला ब्लॉकांचा आकडा हातानेच द्यावा लागे. 1983च्या 4.2बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत बर्कली विद्यापीठातल्या मंडळींनी निरनिराळ्या डिस्कची मापं 'डिस्कटॅब' नावाच्या फाइलीत लिहून ठेवली. पुढे ती लेबल म्हणून डिस्कवरच जाऊन बसली. स्कझी या डिस्क जोडण्याच्या मानक पद्धतीमुळे डिस्क स्वतःच उत्तर देऊ लागली. 'रीड कपॅसिटी' म्हटलं की ती ब्लॉकची लांबी आणि शेवटच्या ब्लॉकचा क्रमांक कळवते. मोजणी शून्यापासून असल्यामुळे त्यात एक मिळवायचा, हे विसरून चालत नाही.

हे उत्तर कर्नलकडून, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडून, प्रोग्रामपर्यंत कसं पोचवायचं, ते मात्र ज्याने त्याने आपापलं ठरवलं. पॉझिक्स या युनिक्स प्रणालींच्या सामाईक मानकाने 'डीएफ' हे साधन प्रमाणित केलं खरं, पण ते फाइलसिस्टिमचा आकार सांगतं, डिस्कचा नव्हे. लिनक्सवर माउंट न केलेली (वापरासाठी जोडून न घेतलेली) डिस्क त्याला दाखवली, तर ज्या फाइलसिस्टिमवर त्या डिस्कच्या नावाची फाइल आहे तिचाच आकार ते निमूटपणे छापतं. चूक झाली असा संदेशही येत नाही, आणि माझ्या मते हीच यातली सर्वांत घातक गोष्ट. आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्सवर 'गेटकॉन्फ' या आदेशाला विचारलं तर उत्तर एमबीत. एचपीच्या एचपी-यूएक्सवर 'डिस्कइन्फो'चं उत्तर केबीत. फ्रीबीएसडीवरही 'डिस्कइन्फो'च आहे, पण ते बाइट सांगतं!

आणि तो 512 अजून गेलेला नाही. लिनक्सच्या 'सिसएफएस'मध्ये (कर्नलकडची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फाइलसिस्टिममध्ये) प्रत्येक डिस्कच्या नावाखाली 'साइझ' ही फाइल असते. तिच्यातला आकडा कायम 512 बाइटांच्या हिशेबात असतो, मग डिस्कचा सेक्टर, म्हणजे तिचा स्वतःचा ब्लॉक, 4096 बाइटांचा का असेना. सेक्टरच्या खऱ्या मापाने गुणायला गेलं, की अशी डिस्क आठपट मोठी भासते. कर्नलला आकार विचारणारा जुना 'ब्लकगेटसाइझ' कॉलही असेच ब्लॉक मोजतो, आणि 32 बिटांच्या कर्नलवर त्याची मजल दोन टेबिबाइटांपर्यंतच (1024च्या पटीत मोजलेले टीबी). म्हणून थेट बाइट सांगणारा 'ब्लकगेटसाइझ64' आला. 'ब्लॉकडेव्ह' या आदेशाचा 'गेटसाइझ64' हा पर्याय स्क्रिप्टला तेच उत्तर देतो.

नेहमीची एक टीबीची डिस्क घ्या. 'साइझ' फाइलीत 1953525168 दिसेल. 'एलएसब्लक' हे डिस्कची यादी देणारं साधन तिलाच 931.5जी म्हणेल, कारण ते 1024च्या पटीत मोजतं. 'ब्लॉकडेव्ह' सांगेल 1000204886016. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण स्क्रिप्टमध्ये मी तिसरंच घेतो.